बहिणीची सही

२०२५ सालचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला आला. पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो, रांगेत उभा राहिलो आणि फादरांनी कपाळावर राखेने क्रूस काढला. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या लोक परत आणून देतात, त्याच जाळून ही राख करतात. राख लावताना फादर म्हणतात, ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी मात्र त्यातल्या ‘माती’ या शब्दाशीच अडकलो. वसईच्या माणसाला माती म्हटलं की आधी वाडी आठवते. मला आमची वाडी आठवली, आणि वाडीबरोबर बहिणीची सही.

मी वसई पश्चिमेच्या एका गावातला. पन्नाशी ओलांडलीय. फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो, अठ्ठावीस वर्षं वसई ते चर्चगेट करतोय. धर्म पाळणारा माणूस म्हणून गावात माझं नाव आहे. रविवारची मिस्सा चुकत नाही. गाडीत गर्दीमुळे हात वर काढता आला नाही तरी बोटातल्या दहा मण्यांच्या अंगठीवर रोझरी म्हणतो, अंधेरीपर्यंत पाचही रहस्यं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, होतात. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाला शिवत नाही, ऑफिसातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसाने दिवसातून एकदाच पोटभर जेवायचं असा नियम आहे, तोही पाळतो.

पण २०१४ पासून मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो नव्हतो. पहिली काही वर्षं तरीही इतरांबरोबर कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घेत राहिलो. पुढे कबुली न देता ते घेणं जड जायला लागलं, तेव्हा दरवाजाजवळच्या बाकावर बसायला लागलो. कम्युनियनची रांग निघाली की तिथून उठून बाहेर गेलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. आईच्या आलं. एकदा तिने विचारलं, “कम्युनियनला का नाही गेलास?” मी म्हटलं, “घरून खाऊन निघालो होतो गं, तास झाला नव्हता.” तिने परत कधी विचारलं नाही. २०१९ मध्ये ती गेली.

आता मूळ गोष्ट सांगतो. वडील २०११ साली गेले. मागे चौदा गुंठ्यांची वाडी होती. विहीर होती, विहिरीकडेला राजेळी केळी, पुढे थोडा मोगरा आणि पानवेलीचे जुने मांडव. मागे आम्ही तिघंच, आई, मी आणि धाकटी बहीण. ती शेजारच्या गावात दिलेली. मृत्युपत्र नव्हतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना अशा वेळी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मग मुलगा असो की मुलगी. म्हणजे आमच्या घरात तिघांना सरळ एकेक तृतीयांश.

पण गावात रीत वेगळी. मुलगी लग्नात जे नेते ते नेते, मग हक्कसोडपत्रावर सही करते. भाऊ तिला माहेरपण देतो, सणाला बोलावतो. सगळ्याच घरांत हे होत आलंय, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसत नाही. २०१२ मध्ये बहीण दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात आली, कडेवर तीन वर्षांची मुलगी. मुलगी रडत होती, म्हणून एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने तिने सह्या केल्या. “कुठे करू, दादा?” एवढंच विचारत होती. मधेच तिने एकदा मान वर करून विचारलं, “वाडी विकायची नाहीय ना?” मी म्हटलं, “कागद साधे होतील, बस. जमीन कुठे जात नाही.”

त्याच्या दोन महिने आधी माझं दलालाशी बोलणं झालेलं होतं.

हेच ते. रीत, कायदा, अंगठा, सही या सगळ्याच्या आत हे एक वाक्य होतं आणि ते खोटं होतं. २०१४ मध्ये विहिरीकडचे सहा गुंठे ३६ लाखांना गेले. त्यात घर नवं बांधलं, मुलाचं इंजिनीअरिंग झालं. बहिणीला एक लाख दिले, साडी दिली, आणि आपण भाऊ म्हणून कमी पडलो नाही अशी स्वतःची समजूत घातली. ती काही बोलली नाही. नाताळला यायची, दहा मिनिटं बसायची, करंज्या-कलकलांचा डबा ठेवून जायची.

तर त्या राखेच्या बुधवारी गाडीत बसल्यावर ठरवलं की या उपवासकाळात कन्फेशनला जायचं. आमच्या फादरांकडे जायची हिंमत नव्हती. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर जीव गेला तरी बाहेर सांगत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते मला ओळखतात, माझ्या बहिणीला ओळखतात, नव्या घराला पवित्र पाणी शिंपडायला येऊन गेलेत. म्हणून माहीमला जायचं ठरवलं. सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी दिवसभर नोव्हेनाची प्रार्थना असते आणि तिथे कुणी कुणाला ओळखत नाही.

१२ मार्चला ऑफिस सुटल्यावर गेलो. विरार फास्ट माहीमला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून स्लो पकडली आणि स्टेशनवरून चालत गेलो. चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकणारे बसतात. हात, पाय, डोळे, बाळ, ज्याला ज्यासाठी मागायचं त्याने ते घ्यायचं आणि मरियमाईपुढे ठेवायचं. घेणाऱ्यांत हिंदू बायका निम्म्याहून जास्त असतील. माझ्यापुढच्या बाईने मेणाचं छोटं घर घेतलं, कौलारू, पुढे दोन खिडक्या. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाऊ दे म्हणून मागणार असेल बिचारी. तिने ते घर दोन्ही तळहातांवर असं धरलं होतं की जणू त्यात कुणी झोपलंय. मला माझं घर दिसायला लागलं, दोन मजल्यांचं, ग्रॅनाइटच्या ओट्याचं. कन्फेशनच्या रांगेत उभा राहिलो, पुढे चार माणसं उरली असताना बाहेर पडलो. उशीर होईल, गाडीला गर्दी होईल, असं मनाशी म्हणत स्टेशन गाठलं.

दोनच दिवसांनी, १४ मार्चला, शुक्रवारी धुळवड होती. ऑफिसला सुट्टी, म्हणून सकाळी गावातल्या मिस्साला गेलो. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारचं शुभवर्तमान दर वर्षी तेच असतं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी ते आधीही ऐकलं असणार. इतकी वर्षं उपवासकाळातल्या शुक्रवारी कामावरच असायचो, म्हणून त्या दिवशीच्या मिस्सात बसून ऐकलं नव्हतं. प्रवचनात फादर भलत्याच विषयावर बोलले, त्यांचं काही कानात शिरलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं की प्रभूने ‘दान दे, मग बघू’ असं म्हटलेलं नाही. अकरा वर्षं मी दानं देत होतो. चर्चच्या छपराला दिलं, पुरात दिलं, सणाच्या वर्गणीत वरच्या पाचांत माझं नाव असायचं.

दुपारी शेजाऱ्यांकडून धुळवडीच्या मटणाचा डबा आला. दर वर्षी पाठवतात, फार मायेने. शुक्रवार म्हणून मी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितला. ठेवताना बायको म्हणाली, “एवढं कडक पाळायचं, आणि सारखं कसल्या विचारात?” तिला अजून काही माहीत नव्हतं.

१९ मार्च हा संत योसेफाचा सण, आणि त्या वर्षी तो बुधवारीच आला. परत माहीमला गेलो. या वेळी रांग सोडली नाही.

आतले फादर वयस्कर होते, आवाज बसलेला. मी म्हटलं, अकरा वर्षं झाली. ते म्हणाले, “आलात ना. बोला.” मी तयारी करून गेलो होतो. मोबाइलवर यादी लिहिली होती, राग, ऑफिसमधलं खोटं बोलणं, आईशी फटकून वागणं. ती वाचायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या ओळीला थांबलो. मग जमिनीचं सांगितलं. सगळं सांगितलं, रीत काय, कायदा काय, तिला किती दिलं, कसं सगळेच करतात. ते मधे बोलले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“सही करताना तिला माहीत होतं, जमीन विकायचीय म्हणून?”

“नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

जाळीपलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले की देवाकडून क्षमा तुम्हाला आत्ता मिळेल, त्याबद्दल शंका धरू नका. पण क्षमा मिळाली म्हणजे बहिणीचं नुकसान भरून निघालं असं नाही. जे घेतलं ते परत करायचं, एकदम जमत नसेल तर हळूहळू, पण खरोखर करायचं. तसं करायचं मनात आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातली जक्कयाची गोष्ट वाचायला सांगितली आणि पापमुक्तीचे शब्द उच्चारले.

तिथेच बाकावर बसून मोबाइलवर ती गोष्ट वाचली. जकातदारांचा मुख्य, बुटका, प्रभूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. प्रभू वर बघून त्याला नावाने हाक मारतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणतो. आणि जक्कय उभा राहून सांगतो, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. लहानपणी हे धर्मशिक्षणाच्या वर्गात नाटक म्हणून केलं होतं, सगळ्यांना झाडावर चढायचा भाग आवडायचा. आता आकड्यांपाशी थांबलो. हिशेब हे माझं रोजचं काम. चौपट मला झेपणारं नव्हतं. निदान जेवढं तिचं तेवढं तरी.

तिचं किती, यावर पुढचे पंधरा दिवस गेले. गाडीच्या ग्रुपमध्ये एक वकील आहेत, त्यांना एका ‘मित्राची’ गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, “कायद्याने त्या मित्राचं काही देणंच लागत नाही. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं, बारा-तेरा वर्षं झालेली. बहीण कोर्टात गेली तरी अवघड आहे.” ऐकून मला हायसं वाटलं नाही, यावरून कळलं की आता मागे फिरणं नाही. प्रश्न एक तृतीयांशाचा की अर्ध्याचा, एवढाच होता. वडिलांच्या पश्चात तिचा एक तृतीयांश होता. आईनेही माझ्याच नावे हक्क सोडला होता, पण तोही माझ्या त्याच वाक्यावर विसंबून. ते वाक्य बोललो नसतो तर आईचा हिस्सा आईनंतर आम्हा दोघांत निम्मानिम्मा झाला असता. म्हणजे अर्धं. ३६ लाखांचे १८, त्यातला एक दिलेला, राहिले १७. शिवाय उरलेल्या आठ गुंठ्यांत निम्मं.

बायकोला आणि मुलाला एकत्र बसवून सांगितलं. बायको बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “तिने स्वतःच्या हाताने सही केली होती.” मी तिला ते वाक्य सांगितलं, जे मी तेरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यावर ती म्हणाली, “पोराचं लग्न तोंडावर आलंय, त्याचं काय?” हा प्रश्न चुकीचा नव्हता. त्या पैशावर तिचाही संसार उभा राहिलेला, आणि ती निर्दोष होती. मी एकट्याने केलेल्या गोष्टीची किंमत तिघांनी द्यायची होती, हे मला फार लागलं. दोन दिवसांनी तिनेच मुदत ठेवीच्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. मुलगा म्हणाला, हॉल लहान घेऊ.

१३ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी, दुपारी बहिणीकडे गेलो. हातात झावळी तशीच होती. ती अंगणात वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसून थोडे वाल सोलले आणि मग सांगायला सुरुवात केली. सही करायच्या आधी दलालाशी बोलणं झालं होतं, तुला खोटं सांगितलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

तिला त्याच वर्षी कळलं होतं. दलालाच्या घरातली एक बाई तिच्या सासूच्या ओळखीची होती. तेरा वर्षं ती हे मनात ठेवून नाताळला आमच्याकडे डबा आणत होती. मी पैशाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, “पैशाचं राहू दे रे दादा. विहीर तरी ठेवायची होतीस.” आणि तिथून उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या मुलीने, तीच कडेवरची, आता सोळा वर्षांची, मला चहा आणून दिला.

विहीर परत देता येत नाही. तिथे आता चार मजली इमारत आहे. लहानपणी त्या विहिरीच्या कठड्यावर बसून बहीण आणि आई सुकेळ्यांसाठी, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांसाठी, राजेळी केळी सोलायच्या. मी शाळेतून आलो की साली मला उचलायला लावायच्या. ते सगळं मी विकलं. त्याची भरपाई कशी करायची, मला ठाऊक नाही.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी मिस्सात फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या जागरणाला मी मधल्या बाकावर बसलो. मेणबत्ती एकमेकांच्या मेणबत्तीवर पेटवत ज्योत मागे येते, तशी माझ्यापर्यंत आली. बहीण तिच्या चर्चला होती, माझ्या नाही. अकरा वर्षांपूर्वी घेत होतो तसाच हात पुढे करून कम्युनियन घेतलं. हात थरथरत होता, फादरांनी तो जरासा धरून ठेवला.

सोमवारी, २१ एप्रिलला, जेवणाच्या सुट्टीत समोरच्या टेबलवरचा सहकारी धावत आला, “तुमचे पोप गेले.” आदल्या दिवशी, ईस्टरला, पोप फ्रान्सिस आजारातूनही लोकांसमोर आले होते. २०१३ मध्ये निवडून आल्यावर पहिल्याच रविवारी ते म्हणाले होते की देव क्षमा करताना थकत नाही, आपणच क्षमा मागताना थकतो. तेव्हा ते वर्तमानपत्रात वाचून मी कापून पाकिटात ठेवलं होतं. त्यानंतर वर्षभराने मी जमीन विकली. पाकीट बदललं, कात्रण कुठे गेलं आठवत नाही.

कागदाचं काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. जमीन फोडायची नाही म्हणून आठ गुंठ्यांतला निम्मा अविभक्त हिस्सा तिच्या नावे बक्षीसपत्राने द्यायचा ठरला. बहिणीने हक्क सोडला तेव्हा मुद्रांक नाममात्र लागला होता. भावाने बहिणीला द्यायचं तर बाजारमूल्याच्या तीन टक्के. वाडी शेतजमीन आहे, तेव्हा घेणारा शेतकरी असावा लागतो. तिच्या सासरचा सातबारा होता म्हणून ते सुटलं. मूल्यांकन, मसुदा, साक्षीदार असं करत मे महिन्यात नोंदणी झाली. त्याच ऑफिसात, अंगठ्याचा ठसा मशीनवर आणि समोर कॅमेरा. बहिणीने प्रत्येक पान वाचलं. मागे रांग होती, कुणी तरी चुळबुळ करत होतं. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा, तिला वाचू द्या.

त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला. पहिल्या सरी झाल्यावर एका रविवारी मिस्सानंतर ती वाडीत आली. नवऱ्याच्या स्कूटरवर पोत्यात गुंडाळलेले राजेळीचे तीन मुनवे, केळीच्या बुंध्याशी फुटलेली रोपं. २०१४ मध्ये विहिरीकडची झाडं तोडायच्या आधी आईने तिला मुनवे काढून दिले होते, ते तिने सासरी वाढवले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी कुदळ मागितली. तिने दिली नाही, स्वतःच खड्डे केले. मी पाणी आणलं, तेवढं मात्र करू दिलं.

ठेवी मोडून सात लाख दिले आहेत. उरलेल्या दहा लाखांचे दरमहा वीस हजार, पगार झाल्यावर पाच तारखेच्या आत तिच्या खात्यात जातात. पन्नास महिने लागतील. ती आता नाताळशिवायही कधी येते. अर्धा तास बसते. फार बोलत नाही.